आऊटचा सोर्स

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी गेल्या वर्षी खताच्या दुकानातून फुकट मिळालेली. वर्षभर कोरी पडून होती. तारीख-वार खोडून वापरतोय. प्रत्येक पानाखाली शेतकऱ्यासाठी एक सल्ला छापलाय. आजच्या पानावर आहे, ‘उंदरांचा बंदोबस्त वेळीच करावा.’ मला एकदम ऋतिक आठवला.

तर पेच असा आहे. आमच्या प्रगती कॉम्प्युटर क्लासच्या दोन शाखा, मुरबाड आणि शहापूर. मालक महिपतशेठ. शेठचा मूळ धंदा मांडव-डेकोरेशनचा आणि क्लास त्याच गोडाऊनच्या माडीवर, त्यामुळे वर्गात बारा महिने ताडपत्रीचा वास येतो आणि लग्नसराईत पोरांच्या बुडाखालच्या खुर्च्या जातात. मुरबाडला जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकवतो मी, कमळाकर विशे, चौदा वर्षं झाली. शहापूरला शिकवतो ऋतिक, दीड वर्ष झालं. आज शेठनं दोघांना समोर बसवून सांगितलं, “जावाला पोरं कमी झाली. डिसेंबरपासून एकच सर ठेवणार. बावीस तारखेला, शनिवारी, दोघांनी माझ्यासमोर एकेक तास शिकवायचं. ज्याचं मला कळेल तो राहील.”

ज्याचं मला कळेल! ज्या माणसाला माऊस कुठल्या हातात धरायचा ते दोनदा सांगावं लागतं, त्याला जावा कळणार आणि त्यावर माझं पोट ठरणार.

ऋतिक इंजिनिअर आहे. मी बी.कॉम. आणि सहा महिन्यांचा डिप्लोमा. पण माझ्याकडे पद्धत आहे. पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहितो, ‘सिस्टीम डॉट आऊट डॉट प्रिंट-एल-एन’, आणि सांगतो, “याचा अर्थ छापणे. पाठ करा.” पोरं पाढ्यासारखं म्हणतात. चौदा वर्षांत एकानंही पुढं काही विचारलं नाही. याला शिस्त म्हणतात.

वय एकोणपन्नास. या वयात मला दुसरा कोण दारात उभं करणार? भीती वाटते. असो. हे बायकोला, गीताला, सांगितलेलं नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

शिस्त मोडली.

नव्या बॅचमध्ये निशिगंधा नावाच्या एक बाई आहेत. बत्तीस-तेहतीसच्या असतील. म्हसा रोडला सासऱ्यांची भाताची गिरणी आहे, ती याच चालवतात. वर्गात येतात तेव्हा डोक्यात कोंडा असतो, म्हणजे भाताचा. आज पोरांचं पाठांतर चालू असताना त्यांनी हात वर केला.

“सर, सिस्टीम कळलं. प्रिंट कळलं. ह्यो मधला आऊट कोण?”

“आऊट म्हणजे बाहेर.”

“ते कळलं. पण बाहेर जायची वाट कुणी केली? आमच्या गिरणीत वरून भात टाकला का खालून तांदूळ येतो. मधली पन्हळ माझ्या सासऱ्यांनी बसवली, ते मला माहिती हाय. ही पन्हळ कुणी बसवली?”

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. चौदा वर्षांत माझा वर्ग पहिल्यांदाच जागा होता आणि तो नेमका या वेळी.

“चांगला प्रश्न आहे,” मी म्हटलं. “उद्या सांगतो.”

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल सांगितलं, लाइट नाही. लाइट होती, पण मेन स्विचजवळ मीच उभा होतो. आज म्हटलं, हे सिलॅबसमध्ये नाही.

“सिलॅबसमध्ये नाय ते मी बघितलं,” निशिगंधाताई म्हणाल्या. “पण हाय तरी कुठं?” मी पुन्हा “उद्या” म्हणायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, “घाई नाय सर. बावीस तारखेला शेठसमोर सांगा. मी पहिल्या बाकावर बसते.”

या बाईला ऋतिकनं पेरलं आहे याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

स्कूटरवरून सापगावला, म्हणजे माझ्या गावाला, येईपर्यंत डोकं भणभणलं. प्रत्येक प्रोग्रॅम कुणीतरी लिहिलेला असतो. ते मूळ लिखाण म्हणजे सोर्स. आऊटसुद्धा कुणीतरी कुठंतरी लिहिला असेलच. तो सोर्स हाती लागला की बाईंचं तोंड बंद आणि ऋतिकचंही.

घरी गेलो तर गीता म्हणाली, “तोंड का असं उतरलंय?”

शेवटी सगळं सांगून टाकलं. “शेठ एकालाच ठेवणार आहे. मला काही करून सोर्स मिळाला पाहिजे. नाहीतर माझी इज्जत गेली म्हणून समज.”

“कुणाचा सोर्स?”

“सिस्टीममधल्या आऊटचा.”

“आऊट? कोण आऊट होतोय?”

“सोर्स नाही मिळाला तर मीच!”

गीतानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मग म्हणाली, “मंगळूला सांगू का? त्याचे लय सोर्स हायेत.”

मंगळू म्हणजे तिचा भाऊ. पंचायत समितीच्या आवारात दिवसभर उभा असतो, नक्की काय करतो ते कुणालाच माहीत नाही. पण हल्ली ऑफिसात सगळं कॉम्प्युटरवरच असतं, त्याच्या ओळखीत एखादा जाणकार असूही शकेल. “सांग,” म्हटलं. बायकोचा कॉम्प्युटर विषयातला हा उत्साह मला नवीन होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

मंगळू येऊन गेला. त्याला नीट समजावून सांगावं म्हणून मी कागद-पेन घेतलं, पण त्यानं हात धरला. “दाजी, लिवू नका काय. असलं कागदावर ठेवायचं नसतं.”

“पण मला नेमकं काय पाहिजे ते तुला कळलं का?”

“सगळं कळलं. आतला माणूस हाय माझा. डायरेक शेठच्या घरापर्यंत.”

शेठच्या घरी कॉम्प्युटर आहे हे मला माहीत नव्हतं. असेल, पैसेवाला माणूस. मी विचारलं, “सोर्स ओपन आहे ना?” म्हणजे सगळ्यांना बघता येतो की नाही.

मंगळूनं दचकून इकडंतिकडं बघितलं. “ओपन काय बोलता दाजी! गुपचूप करायचं.”

मग भाऊ-बहीण ओटीवर बराच वेळ कुजबुजत होते. “काय गो, मग तोच देऊ ना?” एवढं मंगळूचं वाक्य कानावर आलं. सणाची साडी-बिडी असेल.

९ नोव्हेंबर, रविवार

लाल्या नाहीसा झाला आहे. लाल्या म्हणजे आमचा कोंबडा. पिल्लू असताना घारीनं उचलून टाकलेला, गीतानं कापसाच्या बोळ्यानं पाणी पाजून जगवला. तिच्या मागं मागं मोरीपर्यंत जायचा. मला मात्र चोच मारायचा.

खुराड्याचं दार उघडं, पिसं नाहीत, रक्त नाही. मी पूर्ण पाहणी करून निष्कर्ष काढला की मुंगूस. गीता दुपारी जेवली नाही. “अगं, एका कोंबड्यासाठी काय एवढं,” मी म्हटलं, “दुसरा आणू.” ती पदर तोंडाला लावून आत गेली. बायकांचा जीव अशा गोष्टीत फार अडकतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज उठायला साडेसात. कालही तसंच. दोन्ही दिवस साडेआठची बॅच साडेनऊला सुरू केली. मोबाइलचा अलार्म बिघडलेला दिसतो. तपासला तर तो कधी लावलेलाच नव्हता. मग इतकी वर्षं मी पाचला कसा उठत होतो?

किन्हवलीच्या पुढं मंगळूचा फोन आला. स्कूटर कडेला घेतली.

“दाजी, पोचला.”

“काय पोचला?”

“सोर्स! आत पोचला. आता बिनधास्त ऱ्हावा.”

“आत म्हणजे कुठं?”

“आता सगळं मीच सांगू काय? आत म्हणजे आत. फोनवर नको.”

क्लासमध्ये पोचल्यावर मी माझ्या टेबलावरच्या मशीनमध्ये शिरलो. आत म्हणजे आत. जावाच्या फोल्डरमध्ये मी चौदा वर्षांत कधी गेलो नव्हतो, कारण तिथं काही उडालं तर शेठ माझ्या नावानं बोंब मारेल. त्यात एक लिब नावाचं फोल्डर आणि त्यात, देवाशपथ, एक झिपचं गाठोडं. नाव, एस-आर-सी. सोर्स!

मी खुर्चीत मागं टेकलो. मंगळूच्या माणसानं माझ्या मशीनमध्ये, मला पत्ता न लागू देता, हे आणून ठेवलं. वर गाठोड्याची तारीख सहा वर्षांपूर्वीची दाखवतंय, म्हणजे कुणाला संशय यायला नको म्हणून तारीखसुद्धा बदलली. उगाच मेव्हण्याला नावं ठेवत होतो मी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गाठोडं उघडलं. आत हजारो फाइली. त्यातली ‘सिस्टीम’ नावाची सापडायला कालचा सगळा दिवस गेला. आज आऊट शोधला. सापडला! पहिल्या शंभर-सव्वाशे ओळींतच आहे. ओळ अशी:

पब्लिक स्टॅटिक फायनल प्रिंटस्ट्रीम आऊट इज इक्वल टू नल.

नल. म्हणजे काही नाही. रिकामं.

तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा. आऊट रिकामा आहे आणि वर ‘फायनल’ लिहिलंय, म्हणजे यात आता बदल होणे नाही. फायनल बदलत नाही हे मी स्वतः शिकवतो, परीक्षेत दोन मार्कांना असतं. म्हणजे चौदा वर्षं मी या तालुक्यातल्या पोरांना कशावर छापायला लावत होतो?

घरी आलो आणि ओटीवरच बसलो. गीता पाणी घेऊन आली.

“सोर्स मिळाला,” म्हटलं.

“मिळाला ना? मग?” तिचे डोळे चमकले.

“आऊट नल आहे, गीता. नल!”

“त्या नळाचं मला नका सांगू. गोजरनं आज व्हॉल्वच सोडला नाय पहाटे. उघडला तर नुसती हवा.”

गोजर म्हणजे आमच्या पाड्याच्या टाकीचं पाणी सोडणारा. माणसाच्या आयुष्याची माती होते आणि बायकोला गोजर दिसतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज डोकं शांत झाल्यावर लक्षात आलं की चूक माझी नाहीच. चूक त्यांची आहे! अमेरिकेत एवढी मोठी माणसं बसली आहेत आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. मुरबाडच्या माणसाच्या लक्षात आलं.

इंग्रजीत पत्र तयार केलंय. मराठीत सारांश असा: ‘महोदय, आपल्या सिस्टीम नावाच्या फाइलमध्ये आऊट ही जागा भरायची राहून गेली आहे. गेली चौदा वर्षे मी आपली भाषा ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात शिकवीत असून या चुकीमुळे आम्हांस वेळोवेळी मनस्ताप झाला आहे. तरी त्वरित दुरुस्ती करून कळवावे. सोबत शहापूर-मुरबाड रस्त्यावर रेंज नसते याची नोंद घ्यावी.’

बावीस तारखेला हे पत्रच वाचून दाखवणार. ऋतिकनं लावू दे आपलं इंजिनिअरिंग.

१७ नोव्हेंबर, सोमवार

खाली गोडाऊनमध्ये निशिगंधाताई शेठशी बोलत होत्या. दोघांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि शेठ हसले. ऋतिकही आला होता, मला म्हणाला, “सर, चहा घेऊ या.” मी म्हटलं, उपास आहे. ही मंडळी मला चारी बाजूंनी घेरत आहेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

खरं लिहायचं म्हणून ही डायरी आहे, तर खरं लिहितो.

बॅच सुटल्यावर मी पत्र शेवटचं वाचत होतो. निशिगंधाताई वही विसरली म्हणून परत आल्या आणि माझ्या खांद्यामागून स्क्रीन वाचायला लागल्या. मी झाकायच्या आत त्यांनी नलची ओळ बघितली.

“सर! गावला की आऊट!”

“गावला. रिकामा आहे. त्यांची चूक आहे.”

त्यांनी ओठ मुडपले. “रिकामा असता तर आमचं छापलं कसं असतं? परवा मी माझं नाव छापलं, ते आलं ना बाहेर?”

आलं होतं. मीच त्यावर बरोबरची खूण केली होती.

“म्हणजे नंतर कुणीतरी भरत असणार. अजून खाली बघू या ना.”

मी डायरीत आधी लिहिणार होतो की खाली बघायची सूचना मीच केली. नाही. त्यांनी केली. फाइल दोन हजारांवर ओळींची आहे. मी सव्वाशेला थांबून अमेरिकेला पत्र लिहिलं होतं.

दोघांनी पाऊण तास खाली खाली नेली आणि पार तळाशी सापडलं. इनिट-फेज-वन, म्हणजे सुरुवातीच्या तयारीचा भाग. तिथं एक नवी पन्हळ तयार होते, ती एक नंबरच्या दाराला जोडतात. शून्य नंबरचं दार आत यायचं, एक नंबरचं बाहेर जायचं, दोन नंबरचं चुका बाहेर टाकायचं. आणि मग सेट-आऊट-झीरो नावाचं कुणीतरी ती पन्हळ त्या रिकाम्या आऊटमध्ये नेऊन बसवतं. हे सगळं होतं केव्हा? आपला प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधी. आपली पहिली ओळ चालायच्या आधीच काम उरकलेलं असतं.

पण सेट-आऊट-झीरोजवळ गेलो तर नुसतं नाव, पुढं स्वल्पविरामासारखं चिन्ह आणि खेळ खलास. वर लिहिलेलं, ‘नेटिव्ह’.

“हितं नाव हाय, काम नाय,” ताई म्हणाल्या. मग एकदम टाळी वाजवली. “सर, फॉर्मवर आपण नेटिव्ह प्लेस लिवतो ना? तसं! ह्याचं काम हितं नाय, ह्याच्या गावाला हाय!”

मी हसलो. खरंच हसलो. कित्येक वर्षांत वर्गात असा हसलो नव्हतो. जाताना त्यांनी विचारलं, “ते पत्र पाठवणार काय सर?” मी त्यांच्यासमोर पुसून टाकलं.

बाई ऋतिकच्या नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं आहे. असं कुणी माझ्या वर्गात असू शकतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, याची लाज वाटते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आऊटचं गाव सापडलं. सरळगाव नाक्यावर टपरीपाशी रेंज येते, तिथं स्कूटर लावून शोधलं. गाव म्हणजे सी नावाची जुनी भाषा. चार-पाच ओळींचं घर आहे. आऊट नावाची जागा शोध, सापडली नाही तर गुपचूप परत जा, सापडली तर ही पन्हळ त्यात ठेव. बस. फायनल-बियनल काही विचारत नाही. गावच्या माणसाला कोण अडवणार?

दोन चहा झाले. टपरीवाल्यालाही समजावून सांगितलं. त्याला कळलं असं तो म्हणाला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

डेमो.

जिना चढताना शेठ भेटले. आवाज बारीक करून म्हणाले, “विशे सर, तुमचा सोर्स पोचला हां.”

मी चकित. “शेठ, तुम्ही बघितलात?”

“बघितला काय, संपवला.”

“अख्खा?” दोन हजार ओळी!

“घरातल्या सगळ्यांनी मिळून. जरा चिवट होता.”

“मधला भाग अवघड आहे, शेठ. मला तीन दिवस लागले.”

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. “आमी कुकरला सहा शिट्ट्या दिल्या,” म्हणाले. शेठ इतके विनोदी आहेत हे मला माहीत नव्हतं.

आधी ऋतिकचा तास झाला. रंगीत स्लाइड, बाण उडतायत, अक्षरं नाचतायत. चांगलं शिकवलं त्यानं. शेठ दोनदा पेंगले.

मग मी. फळ्यावर लिहिलं, सिस्टीम डॉट आऊट डॉट प्रिंट-एल-एन. पोरांनी सवयीनं पाढा सुरू केला. पहिल्या बाकावरून हात वर झाला. “सर, ह्यो मधला आऊट कोण?”

मी खडू खाली ठेवला.

“चौदा वर्षं मी ‘पाठ करा’ म्हणत आलो,” मी म्हटलं, “कारण मला माहीत नव्हतं.”

शेठची पेंग उडाली.

मग मी नलची ओळ लिहिली आणि नल म्हटल्याबरोबर मला आमच्या अंगणातला नळ दिसला. फळ्यावर नळच काढला. “हा आऊट. बघायला गेलं तर रिकामा, आत नुसती हवा. पण सकाळी आपण उघडतो तेव्हा पाणी येतं. कसं येतं? आमच्या पाड्यावर गोजर आहे. तुम्ही झोपेत असता तेव्हा तो टाकीवर जातो आणि व्हॉल्व सोडतो. तुमचा प्रोग्रॅम म्हणजे तुमचं उठणं. त्याच्या आधी गोजरचं काम झालेलं असतं. त्या गोजरचं नाव सेट-आऊट-झीरो. तो इथला नाही, त्याचं गाव वेगळं आहे, म्हणून त्याच्यावर नेटिव्ह लिहिलंय.”

“आणि व्हॉल्व नाय सोडला तर?” हे शेठनं विचारलं! शेठनं, हात वर करून!

“तर कितीही छापा शेठ, बाहेर काही येणार नाही. उलट प्रोग्रॅम बोंबलेल.”

“आमच्या आळीत तेच हाय,” शेठ म्हणाले. तास संपून वीस मिनिटं झाली तरी कुणी उठलं नाही.

शेठनं तिथंच सांगितलं, दोन्ही शाखांना जावा विशे सर. ऋतिकला वेब डिझाइन. ऋतिकनं येऊन हात मिळवला आणि म्हणाला, “सर, मला पण हे माहीत नव्हतं.” मुलगा चांगला आहे. उपास सोडून त्याच्याबरोबर चहा घेतला.

घरी उडत आलो. “गीता! सोर्सनं काम केलं!”

“केलं ना?” ती मटकन खाली बसली. “गेला बिचारा, पण कामाला आला.”

“कोण गेला?”

“लाल्या.”

मग एकेक उलगडत गेलं. सोर्स म्हणजे वशिला. मंगळूचा आतला माणूस म्हणजे शेठच्या घरचा स्वयंपाकी. पोचला तो लाल्या. चिवट होता तोही लाल्या, आणि सहा शिट्ट्या विनोद नव्हता.

मी जे ओरडलो ते लिहीत नाही. मी म्हटलं, तू मला विचारलं नाहीस, माझी लाज घालवलीस, आता मला आयुष्यभर कळणार नाही की मी शिकवून राहिलो की रश्श्यावर राहिलो. ती सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, “इज्जत जाणार असं तुमीच बोललात. सोर्स पायजे असंही तुमीच बोललात. माझ्याकडे द्यायला तेवढंच होतं. मग काय बघत बसू?”

त्या रविवारी ती जेवली नव्हती आणि मी मुंगसावर भाषण दिलं होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

राहवेना. सरळ शेठपुढं जाऊन उभा राहिलो. “शेठ, खरं सांगा. कोंबडा की लेक्चर?”

शेठ मांडवाचे खांब मोजत होते. “कोंबड्यावर ठरवायचं असतं तर ऋतिक लागला असता. त्याच्या आईनं दोन पाठवले. आणि तुमच्यापेक्षा मऊ.”

मी उभाच.

“चौदा वर्षं वर तुमचा आवाज ऐकतोय, सर. कायतरी पाढे चाललेत एवढंच कळायचं. शनिवारी पहिल्यांदा कळलं. आणि ती गिरणीवाली बाई मागंच सांगून गेली होती. म्हणाली, ह्यांना येत नाय ते शोधायला लागतात, चेहऱ्यावर दिसतं. असा सर ठेवा.” मग म्हणाले, “घरच्यांना सांगा, पुन्हा काय पाठवू नका. आमच्याकडे आता पंधरा दिवस कुणी कोंबडीचं नाव घेत नाय.”

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज आपोआप जाग आली, चारला. कोंबडा नाही, अलार्म नाही. पडल्या पडल्या बघत राहिलो.

गीता उठली होती. अंधारात अंगणात गेली. गोजरनं व्हॉल्व सोडला, नळ फुसफुसला, तिनं तीन हंडे आणि पिंप भरलं. चूल पेटवली, माझं आंघोळीचं पाणी ठेवलं. भाकऱ्या थापल्या, डबा भरला. स्कूटरच्या सीटवरचं दव फडक्यानं पुसलं. हेल्मेटमध्ये धुतलेला रुमाल ठेवला. आणि मग, लाल्या नाही म्हणून हल्ली येते तशी, मला हाक मारायला आली. मी इतकी वर्षं समजत होतो की दिवस मी उठल्यावर सुरू होतो. रडू आलं. मी तोंडावर गोधडी घेतली आणि घोरल्याचा आवाज काढला.

क्लासवरून येताना सरळगावच्या बाजारातून लाल पिल्लू आणलं, खिशात घालून. गीतानं ते दोन्ही हातांत घेतलं, गालाला लावलं, आणि कापसाचा बोळा शोधायला लागली.

“नाव काय ठेवायचं?”

“आऊट,” मी म्हटलं.

“आरवायला लागायला चार-पाच महिने जातील ह्याला. तवर काय?”

“तवर नल. तू झोप. उद्यापासून तुझ्या आधी मी उठतो, पाणी मी भरतो.”

गीता पिल्लाच्या चोचीत थेंब सोडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमचा उद्या मला माहिती हाय.” मग माझा मोबाइल मागून घेतला, मला विचारून विचारून अलार्म लावला, आणि माझ्या उशाशी नेऊन ठेवला. पावणेचारचा.